आमची खानावळवाली आत्या

गेलेल्यांपैकी कोणतं प्रेमळ माणूस सगळ्यांत जास्त आठवतं, असं तुम्ही विचारलंय. माझी आत्या. पण प्रेमळ म्हटल्यावर गोड बोलणारी, डोक्यावरून हात फिरवणारी बाई डोळ्यांसमोर आणू नका. आमच्या आत्याचा आवाज तीन मजले खाली जायचा आणि "मेल्या" म्हटल्याशिवाय तिचं वाक्य सुरू व्हायचं नाही.

लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत ती खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा अशा बायका पुष्कळ होत्या. बायकापोरं गावी ठेवून आलेले कामगार गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला अशा एखाद्या घरी यायचे. गिरणीच्या तीन पाळ्या, त्यामुळे आत्याचा रॉकेलचा स्टोव्ह विझलेला मी फारसा पाहिला नाही. ती संगमेश्वरकडची, भात-आमटीवाली; पण साताऱ्या-कोल्हापूरच्या गड्यांना भाकरी लागते म्हणून ज्वारीची भाकरी थापायला शिकली. आणि काय थापायची!

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. कोण काय खात नाही, ते मात्र पक्कं. "तो वांगं न खाणारा अजून आला नाही गो," असं ती शेजारणीला सांगायची आणि त्याच्यासाठी बटाट्याच्या चार फोडी बाजूला ठेवायची. माया ती याच भाषेत करायची.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत आमचे आतोबाही. खानावळीचा हिशेब पगारावर व्हायचा आणि आता पगारच नाही. लोक लाजून यायचे बंद झाले, तर ही गाळ्यावर जाऊन ओरडली, "भूक पण संपावर गेली काय रे?" आमटी पातळ होत गेली, पाटल्या सोनाराकडे गेल्या, पण पंगत बसत राहिली. आतोबा कुरकुरायचे, आणि खरं सांगायचं तर त्यांचं चूक नव्हतं. घरातही तीन पोरं होती.

पुढे बरेचजण गावी गेले ते परत आलेच नाहीत. काहींनी मनीऑर्डरी धाडल्या, एकानं तांदळाचं पोतं आणून दिलं. बाकीची उधारी वहीतच राहिली. ती मोठ्या मनानं विसरली वगैरे नाही हं! "तो तोंडली न खाणारा, बुडवून गेला मेला," हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं. मग एकदा त्याचाच मुलगा नोकरी शोधायला मुंबईत आला आणि पत्ता काढत दारात उभा राहिला. तिनं त्याला आत घेतलं, पाट मांडला आणि विचारलं, "तू तरी तोंडली खातोस ना?" दोन महिने राहिला तो.

2022 मध्ये ती गेली. आता पितृपक्षात तिच्या तिथीला आतेभावाकडे खीर, वडे, भोपळ्याची भाजी असं रीतसर पान होतं. पण तिचा जीव सुक्या बोंबलांवर. म्हणून दुसऱ्या दिवशी वहिनी बोंबलाची चटणी करते आणि मला फोन करते. आतेभाऊ बोंबलांना हात लावत नाही, त्यामुळे त्याचा वाटाही मलाच.