वाचकांचे प्रश्न : लॅपटॉपची रॅम घरी वाढवावी का?

प्रश्न : माझा लॅपटॉप पाच वर्षांचा, ८ जीबी रॅमचा आहे. ब्राउझर आणि एक्सेल एकदम उघडले की अडखळतो. दुकानदार रॅम टाकून देतो म्हणतो. हे घरी जमेल का? आधीच्या लॅपटॉपची ४ जीबीची पट्टी पडून आहे, ती चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी खरंच रॅम कमी पडतेय का ते बघा. रोजचं सगळं काम उघडं ठेवून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा; विंडोजचा टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. ‘कमिटेड’चा पहिला आकडा ८ च्या बराच पुढे गेला असेल, तर रॅम वाढवून फरक पडेल. मेमरी निम्मी मोकळी, पण ‘डिस्क’ १०० टक्क्यांवर आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क, असं असेल तर तेच पैसे एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कला घाला.

त्याच पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतो. ‘एसओडिम’ असेल तर पट्टी काढता-घालता येते. ‘रो ऑफ चिप्स’ म्हणजे रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली. ती बदलायचा नाद सोडा. काही मॉडेलमध्ये सोल्डर केलेल्या रॅमशिवाय एक रिकामा स्लॉटही असतो, म्हणून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघाच. जास्तीत जास्त किती रॅम चालते, तेही त्यात असतं.

तुमचा लॅपटॉप डीडीआर४ रॅमचा आणि जुनी पट्टी डीडीआर३, म्हणजे आधीच्या पिढीची असेल तर विषयच संपला. तिला २०४ पिना, डीडीआर४ ला २६०, आणि खाचेची जागाही वेगळी. बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटतो. ती डीडीआर४ निघाली तर ८ अधिक ४ चालतील, पण दोन्ही पट्ट्या कमी वेगाच्या पट्टीच्या चालीने चालतील. आमचं मत विचाराल तर आहे त्याच वेगाची ८ जीबीची नवी पट्टी घ्या. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपला सारख्या जोडीचा चांगला फायदा होतो.

आता खोलायचं. शिफ्ट दाबून ठेवून ‘शट डाउन’ करा, चार्जर काढा. शून्य नंबरचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लागेल. एखादा स्क्रू रबरी पायाखाली लपलेला असतो. तो राहिला आणि झाकण ओढलं की प्लॅस्टिक तडकतं. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, त्यामुळे कागदावर ज्याच्या त्याच्या जागी ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूला फुगवटा येतो. झाकण उचकटायला जुनं एटीएम कार्ड उत्तम.

मग सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर काढा. वायर धरून ओढू नका. पॉवर बटण १५ सेकंद दाबून ठेवा. धातूच्या नळाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि पट्टी कडांनी धरा. साधारण ३० अंशांच्या कोनात, सोनेरी पट्टा जवळजवळ दिसेनासा होईपर्यंत ती आत सरकवा आणि मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ व्हायला हव्यात. बहुतेकांचं इथेच चुकतं : पट्टी अर्धवट आत असते आणि स्क्रीन काळी राहते. मात्र पहिल्या वेळी सुरू व्हायला उशीर लागू शकतो. दोन-चार मिनिटं थांबा आणि मगच पुन्हा खोला. पिनांवर खोडरबर फिरवू नका, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

झाकणावर वॉरंटीचं सील असेल किंवा रॅमपर्यंत पोचायला अख्खा मदरबोर्ड काढावा लागत असेल, तर काम सर्व्हिस सेंटरवर सोपवा.

शेवटी विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा. दोष दाखवला तर नवी पट्टी एकटी लावून पुन्हा तपासा. तरीही तेच आलं तर ती बदलून घ्या. तोवर बिल आणि वेष्टन टाकू नका.