गरोदरपणात नेमके काय खाणे-पिणे टाळावे?

तुम्ही लिहिले आहे की, तिसरा महिना चालू आहे, सासूबाईंनी पपई, अननस, तीळ आणि शेवगा बंद केला आहे, मोबाइलवर वाचलेल्या यादीत मऊ चीज व कच्चा मासा वर्ज्य सांगितला आहे, आणि दोन वेळचा चहा सोडावा की नाही हे कोणीच नीट सांगत नाही. मी आहारतज्ज्ञ आहे. प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या स्त्रियांशी आहाराविषयी बोलणे हेच माझे रोजचे काम आहे. माझे मत आधीच सांगते. या दोन्ही याद्यांत काही तथ्य आहे, पण आपल्याकडच्या गर्भवतीला ज्या गोष्टींचा खरा धोका असतो, त्यांपैकी बहुतेक गोष्टी दोन्ही याद्यांत नसतात.

पपईच्या बाबतीत सासूबाईंचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन झालेले दिसले आहे, पूर्ण पिकलेल्या पपईच्या रसाने मात्र तसे झाले नाही. म्हणून कच्च्या पपईची कोशिंबीर किंवा भाजी नऊ महिने नको. सालीवर कुठेही हिरवा डाग नसलेल्या, पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या गेल्या असतील तर घाबरू नका. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याची धास्ती वाटत असेल, तर मी तुम्हाला वाद घालायला सांगणार नाही. पपईत जे मिळते ते पेरू-संत्र्यातूनही मिळते. अननसातील ज्या विकराला (एन्झाइमला) लोक घाबरतात ते मुख्यतः त्याच्या खोडात असते, त्यामुळे जेवणानंतरच्या एक-दोन चकत्यांनी काही होत नाही.

तीळ, शेवगा, बाजरी यांवरच्या बंदीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ‘उष्ण पडते’ म्हणून नेमके तेच पदार्थ बंद होतात ज्यांतून स्वस्तात लोह आणि कॅल्शियम मिळते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 52 टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. अशा वेळी शेवग्याचा पाला आणि तिळाची चटणी ताटातून काढणे म्हणजे उपाशी माणसाच्या हातची भाकरी काढून घेणे आहे. कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि सुटका सोपी होते, हा समजही अजून गेलेला नाही. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्यापासून काय काय सोसावे लागते हे एकदा पाहिले की असा सल्ला कोणाच्या तोंडून निघणार नाही.

आता ज्याबद्दल घरात कोणीच बोलत नाही त्या गोष्टीकडे येते, ती म्हणजे पाणी. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतर धडधाकट माणसांना बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते, पण गर्भवतीचा ती जीव घेऊ शकते. शेवटच्या तीन महिन्यांत हा संसर्ग झाल्यास मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2012 साली इचलकरंजीत आलेली काविळीची साथ याच विषाणूची होती. म्हणून माझ्या यादीत पपईच्या कितीतरी वर पाणीपुरीचे पाणी, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस, लग्नकार्यातले उघड्या पिंपातले पाणी आणि रस्त्यावर कापून ठेवलेली फळे येतात. घरी पाणी खळखळून उकळून, झाकून, थंड करून प्यावे. तुरटीने गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसते, पण तेवढ्याने ते पिण्याजोगे होते असे समजू नये. पावसाळ्यात आणि नळाला गढूळ पाणी आल्यावर तर यात अजिबात कसूर करू नका. पाणीपुरी खावीशी वाटली तर पाणी उकळून घ्या, पुदिना-कोथिंबीर नीट धुवा आणि घरीच करून मनसोक्त खा.

दुधाबद्दलही असेच आहे. मऊ चीज टाळा हा परदेशी सल्ला मुख्यतः न तापवलेल्या दुधापासून केलेल्या चीजसाठी आहे, कारण त्यात लिस्टेरिया नावाचा जिवाणू असू शकतो. हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि त्याच्यामुळे गर्भपात होऊ शकतो. आपल्याकडे पाश्चराइज केलेल्या दुधाच्या पाकीटबंद चीजची एवढी भीती नाही. भीती आहे ती निरशा दुधाची. गावी गेल्यावर ‘धारोष्ण दूध पी, बाळ गुटगुटीत होईल’ असा आग्रह होतो. तो प्रेमापोटी होत असला तरी निक्षून नाही म्हणा, कारण जनावराला ब्रुसेला नावाच्या जिवाणूची बाधा असेल तर ती दुधातून तुमच्यापर्यंत पोहोचते. खरवसाविषयी हमखास विचारणा होते. चीक ताजा असेल आणि कुकरमध्ये आतपर्यंत वाफवलेला असेल तर खरवस खायला हरकत नाही. मोड आलेले मूग कच्चे न खाता त्यांची उसळ करावी, अंडे पूर्ण उकडलेले असावे, आणि फ्रिजमधले उरलेले अन्न वाफ येईपर्यंत गरम केल्याशिवाय तोंडात घालू नये.

चहा सोडण्याची गरज नाही, त्याची वेळ बदलण्याची गरज आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार 150 मिलीच्या चहाच्या कपात 30 ते 65 मिलिग्रॅम आणि तेवढ्याच पाण्यात उकळून केलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन असते. गरोदरपणात दिवसाला 300 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तर ब्रिटन-अमेरिकेतील सल्ला 200 चा आहे. मी 200 चीच मर्यादा सांगते, म्हणजे दोन-तीन छोटे कप चहा सहज बसतो. पण पोह्यांबरोबर किंवा जेवण होताच घेतलेला चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. त्यामुळे जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी नको. लोहाची लाल गोळी चहा किंवा दुधाबरोबर तर नकोच, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. एनर्जी ड्रिंक पूर्ण बंद; ती गर्भवतींसाठी नाहीत हे त्यांच्या डब्यावरच छापलेले असते. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, मग ते बिअर असो की वाइन. नीरा उन्हात लगेच आंबते, म्हणून तीही टाळावी.

मिश्री हा खाण्याचा पदार्थ नसल्याने कोणी ती या यादीत धरत नाही, पण मी धरते. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजून, कुटून तिची पूड करतात आणि बायका ती बोटाने दातांना लावून बराच वेळ तोंडात ठेवतात. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की त्या मनापासून नाही म्हणतात, ‘मिश्री लावता का?’ असे विचारल्यावर हो म्हणतात. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात, गरोदरपणी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी सुमारे 100 ग्रॅमने कमी भरले होते. तुमच्या घरात कोणी लावत असेल आणि मळमळीवर उपाय म्हणून तुम्हालाही देत असेल, तर ती घेऊ नका.

डोहाळ्यांविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगते, कारण स्त्रिया ती लाजेने लपवतात. एकीच्या पर्समध्ये औषधांच्या चिठ्ठीखाली पाटीवरच्या पेन्सिलींचा छोटा खोका होता. बसमध्ये, झोपताना, जमेल तेव्हा ती एक-एक तुकडा कुरतडत असे. दुसरीला भाजकी माती हवी असे, तिसरीला कच्चे तांदूळ. ही वाईट सवय नाही, बहुतेक वेळा हे रक्तक्षयाचे लक्षण असते. मातीतून जंत आणि शिसे पोटात जाऊ शकते, म्हणून ती खाऊ नये, पण नुसते रागावून काही होत नाही. हिमोग्लोबिन तपासून उपचार सुरू केले की ही ओढ बहुधा आपोआप ओसरते.

मासे खात असाल तर खात राहा. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील हे सारे नीट शिजवून आठवड्यातून दोन-तीनदा चालतील. मोरी किंवा मुशी म्हणजे शार्क. तिच्यात पारा साठतो, ती पूर्ण टाळा, आणि मोठी सुरमई क्वचितच घ्या. रक्त वाढावे म्हणून दर आठवड्याला कलेजी खाऊ घालण्याची पद्धत मात्र थांबवा. तिच्यात लोह आहे हे खरे, पण अ जीवनसत्त्व इतके जास्त असते की पहिल्या महिन्यांत ते बाळाच्या घडणीला अपायकारक ठरू शकते. साधे मटण, चिकन, अंडी, कडधान्ये आणि गोळ्या यांतून लोह मिळते.

‘नैसर्गिक आहे’ म्हणून दिले जाणारे काढे आणि रस यांची मला पपईपेक्षा जास्त काळजी वाटते. कोरफडीचा रस, एरंडेल, रोजचा ज्येष्ठमधाचा काढा, कोणतेही भस्म आणि विशेषतः ‘मुलगाच होईल’ असे सांगून दिलेली पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. दुधातल्या केशराच्या दोन काड्यांनी बिघडत काही नाही आणि बाळ गोरेही होत नाही. रक्तातली साखर वाढलेली नसेल तर हापूस बेताने खा. हरतालिकेचा निर्जळी उपवास या वर्षी करू नका, पूजा करून जेवा.

टाळायचे काही चुकून खाल्ले गेले असेल तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण ताप, सतत जुलाब किंवा उलट्या, पोटात कळा, रक्तस्राव, गडद पिवळी लघवी किंवा डोळ्यांत पिवळेपणा यांपैकी काहीही दिसले तर घरी काविळीचे औषध घेत किंवा कावीळ उतरवून घेत बसू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि गेल्या काही आठवड्यांत बाहेर कुठे काय खाल्ले, कुठले पाणी प्यायलात, तेही डॉक्टरांना सांगा.