‘सुस्थितीत’ या शब्दावर सही करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत लागलेलं घर, शेवटचा मजला, वर नुसती गच्ची. पहिल्याच पावसात बेडरूमच्या सिलिंगला ओल. मंडळाच्या कार्यालयात गेलात तर ‘आधी सोसायटीने इमारतीचं हस्तांतरण घ्या (म्हणजे इमारत मंडळाकडून सोसायटीच्या ताब्यात), मग दुरुस्तीचं बघू’ हे उत्तर. आणि तुम्हीच नव्या सोसायटीच्या सचिव, शुक्रवारी सहीला बोलावलंय. गावाचं नाव बदललं की ही माझीच २०२० सालची गोष्ट.

सही झाली नसेल तर थांबा. उत्तर लांबलंय, सावकाश वाचा, पण एवढं आधी.

मी वकील नाही, एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. जे लिहितोय ते स्वतःच्या केसमधून शिकलेलं आहे, तुमचे कागद वेगळे असतील तर निष्कर्षही वेगळा निघेल. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, फोटो काढा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

कुठल्या मंडळाचं घर आणि कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, सोसायटीत अजून राहायचंय. २०१८ च्या डिसेंबरात ताबा मिळाला. अल्प उत्पन्न गट, किंमत १८ लाखांच्या आसपास, सातवा मजला. २०१९ च्या जूनमध्ये आधी बादली, मग पातेलं, शेवटी मुलीचा पलंग हॉलमध्ये. त्या पावसाळ्यात चार अर्ज दिले. चारांवर आवक क्रमांक आहे, उत्तर एकालाही नाही. मिळकत विभाग म्हणायचा अभियंत्याकडे जा, अभियंता म्हणायचा नस्ती, म्हणजे फाइल, मिळकतकडे आहे. ती नस्ती मी आजतागायत पाहिलेली नाही.

नोव्हेंबरात सोसायटी नोंद झाली. सचिवपदाला कोणी तयार नव्हतं, मी पाणी प्यायला उठलो होतो, परत आलो तेव्हा सचिव झालो होतो.

आता खरी चूक. हस्तांतरण होईपर्यंत मंडळ दर घरामागे महिन्याला १,९०० रुपये सेवाशुल्क घेत होतं. त्या पैशात लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद आणि जिना आम्हीच झाडायचो. त्यामुळे सगळ्या ५६ घरांना घाई, ‘एकदाचं हस्तांतरण घ्या आणि ही भानगड मिटवा’. तुमच्याकडेही हाच दबाव असणार, सेवाशुल्काचा आकडा फक्त वेगळा. फेब्रुवारी २०२० मध्ये अध्यक्ष, खजिनदार आणि मी कार्यालयात गेलो. पत्र आधीच टाइप केलेलं होतं. त्यातलं एक वाक्य मला आता पाठ आहे: ‘सदर इमारत, गच्ची, पाण्याच्या टाक्या, पंप, उद्वाहन व सामायिक जागा सुस्थितीत असल्याची खात्री करून ताब्यात घेण्यात येत आहे.’

मी विचारलं, अहो, गच्ची गळतेय त्याचं काय? लिपिक म्हणाले, ‘ते वेगळं, ते अभियंत्याकडे चालू आहे. हा नुसता फॉरमॅट आहे, सगळ्याच सोसायट्या करतात.’ आम्ही तिघांनी सह्या केल्या, खाली येऊन वडापाव खाल्ला आणि काम झालं म्हणून खूश होऊन घरी आलो.

पुढच्या महिन्यात लॉकडाऊन. जूनमध्ये पुन्हा गळती. पुन्हा अर्ज, या वेळी ईमेलने. आणि चमत्कार पाहा, वर्षभर ज्या कार्यालयाला चार अर्जांचं उत्तर सुचलं नाही, त्याने अर्धे कर्मचारी घरी असताना पंधरा दिवसांत सही-शिक्क्याचं पत्र पाठवलं. ‘इमारत सुस्थितीत हस्तांतरित झाली असल्याने यापुढील देखभाल व दुरुस्ती संस्थेची जबाबदारी राहील.’ तीन ओळी. खाली आमच्याच पत्राची झेरॉक्स, आमच्या तीन सह्यांसकट.

इतकी घाई का होती हे मला नंतर माहितीच्या अधिकारात कळलं. सरकारी बांधकामात ठेकेदाराला ठरावीक काळ दोष दुरुस्त करून द्यावे लागतात. निविदेच्या कागदांत त्याला ‘दोष दायित्व कालावधी’ म्हणतात. तोवर त्याची काही रक्कम अनामत म्हणून अडकलेली असते. आमच्या इमारतीची अनामत आमच्या सहीनंतर पाच आठवड्यांत मोकळी झाली होती. ज्याच्या खर्चाने गच्ची दुरुस्त व्हायची तो पैसे घेऊन गेला, आणि त्याला जाऊ द्यायला लागणारा कागद मी स्वतः दिला. यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण तुम्ही सहीआधी माहितीच्या अधिकाराचा हाच अर्ज टाका. विचारायचं एवढंच: या इमारतीच्या कामाचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो, ठेकेदाराची अनामत किती शिल्लक आहे, आणि गळतीबाबत ठेकेदाराला दिलेल्या पत्रांच्या प्रती. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपये. शुक्रवारच्या आत उत्तर येणार नाही हे उघड आहे. पण अर्जाची पोच पिशवीत असली की समोरच्याची भाषा बदलते, हा अनुभव आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, नाहीतर माझा रक्तदाब वाढतो. मे २०२१ मध्ये सोसायटीने स्वतः गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. ३ लाख ७० हजार, म्हणजे घरटी साडेसहा हजारांच्या वर. त्या सभेत खालच्या मजल्यांवरचे लोक काय काय बोलले! ‘गळती तुमच्या घरात, वर्गणी आमची कशाला?’ गच्ची सगळ्यांची असते हे समजावताना घसा बसला. एकाने तर सचिवाचं कमिशन किती, असंही विचारलं. ज्यांनी हस्तांतरणाची घाई केली तेच हे. असो.

सप्टेंबर २०२१ मध्ये सातव्या मजल्यावरच्या आठांपैकी सहा घरांनी जिल्हा ग्राहक आयोगात वेगवेगळ्या तक्रारी दाखल केल्या. इथे एक गैरसमज काढून टाका. कार्यालयात मला तोंडावर सांगितलं होतं की ‘आम्ही सरकारी आहोत, आम्हाला ग्राहक कायदा लागत नाही’. लागतो. लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितलंय की घरं बांधून देणाऱ्या सरकारी संस्थाही ग्राहक कायद्याखाली येतात, आणि लोकांना विनाकारण छळणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई वसूल करता येते. हा निकाल छापून फाइलला लावा. पण लिलावात ‘आहे त्या स्थितीत’ घेतलेल्या गाळ्याला किंवा भूखंडाला हे सरसकट लागू नाही, त्यात गल्लत करू नका. तुमचं सोडतीचं आहे, ते वेगळं.

निकाल २०२४ मध्ये लागला. घरातलं नुकसान मंजूर झालं, मानसिक त्रासाचे ४५ हजार आणि तक्रारीच्या खर्चाचे १० हजार. ते मिळाले ते २०१९ च्या चार अर्जांमुळे, कारण ते सहीच्या आधीचे होते. गच्चीच्या खर्चातला आमचा वाटा आम्ही मागितला होता, तो नामंजूर. कारण तुम्ही ओळखलंच असेल. समोरच्या वकिलांनी युक्तिवादात त्या पत्राखालची सही दाखवली आणि म्हणाले, ‘तक्रारदार स्वतः सचिव आहेत, सुस्थितीत असल्याची खात्री त्यांनीच केली आहे.’ मी मान खाली घालून उभा. बायको मागच्या बाकावर बसली होती, तिने घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुदतीचं नीट ऐका. घटना घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हावी लागते, आणि तुम्ही मधे कितीही स्मरणपत्रं पाठवलीत तरी माझ्या समजुतीप्रमाणे ती मुदत लांबत नाही. आमची पहिली गळती जून २०१९ ची, म्हणजे आम्ही उशिराच होतो. पण करोनामुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, म्हणून वाचलो. तुम्हाला असं काही मिळणार नाही. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण कारण पटवून द्यावं लागतं, आणि ‘साहेब बघतो म्हणाले होते’ हे कारण म्हणून फार चालत नाही. तुम्हाला ताबा गेल्या वर्षीच्या गणपतीत मिळालाय ना? मग पुढच्या वर्षीचे गणपती ही शेवटची सीमा समजा. पहिली गळती नंतरची आहे वगैरे हिशेब वकिलांवर सोडा.

घराची दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, १० ते २० लाखांना ४०० रुपये. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मंडळाचं मुख्यालय कुठेही असो. वकील सक्तीचा नाही, मी स्वतः उभा राहिलो. पण खरं सांगायचं तर लेखी युक्तिवादाला तरी जाणकार माणूस घ्यावा, मी तिथे कमी पडलो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे फार बायकांना माहीत नसतं. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन मिक्सर-फ्रिजसाठी उत्तम, अशा प्रकरणात मला तरी नुसता तक्रार क्रमांक मिळाला. नगरसेवकाच्या मागे लागण्यात मी सहा महिने घालवले. गच्चीवर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला, एवढंच.

महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर तुमची इमारत नोंदलेली आहे का तेही बघा. सरकारी मंडळंही रेरा कायद्यात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, धरली जातात. नोंदलेली असेल तर कलम १४(३) तुमच्या कामाचं आहे: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला तर प्रवर्तकाने ३० दिवसांत बिनपैशांत दुरुस्त करून द्यायचा. आमच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही शोधलं नाही. तक्रारीची फी ५,००० आहे, सोसायटीच्या नावाने करा म्हणजे वाटून जाईल. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, मिळालंय का तेही विचारा. मिळालं नसेल तर गळतीपेक्षा मोठं प्रकरण तुमच्या हातात आहे. ते प्रमाणपत्र न देणं ही चालू राहणारी चूक आहे, म्हणजे त्यात मुदत आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये म्हटलंय.

आता शुक्रवारचं. हस्तांतरण घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. सेवाशुल्काचा भुर्दंड खरा आहे, आणि लोक तुमच्या डोक्यावर बसतील. पण आधी संयुक्त पाहणी मागा. कनिष्ठ अभियंता प्रत्यक्ष गच्चीवर आला पाहिजे, गच्चीत ४८ तास पाणी साठवून चाचणी झाली पाहिजे, आणि त्रुटींची घरनिहाय यादी करून त्याखाली त्याची आणि तुमची सही. ‘पावसाळ्यात बघू’ म्हणतील, ऐकू नका, पाणी टँकरचंही चालतं. चाचणी होईपर्यंत वरच्या मजल्यावर कोणालाही रंग मारू देऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी पाहुणे येणार म्हणून डिस्टेंपर मारला आणि त्यांचा पुरावा झाकला गेला. स्पीड पोस्टच्या पावत्यांची लगेच झेरॉक्स काढा, शाई वर्षभरात उडते.

पाहणी झाल्यावर हस्तांतरणाच्या पत्रात स्वच्छ लिहा: ‘सोबतच्या यादीतील त्रुटी दुरुस्त करून देण्याच्या अधीन राहून, हरकतीसह.’ यादी पत्राला जोडा आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. एकट्या जाऊ नका, निदान एक जण असा न्या ज्याला घाई नाही.

ते टाइप केलेलं पत्रच पुढे करतील. ‘सुस्थितीत असल्याची खात्री करून’ यावर रेघ मारा आणि बाजूला दोन्हीकडच्या सह्या मागा. लिपिक म्हणतील, खाडाखोड चालत नाही, नवीन प्रिंट काढून देतो. काढू द्या. पण ती प्रिंट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचा. आमच्या शेजारच्या इमारतीने माझं ऐकून तो शब्द काढायला लावला होता, आणि नव्या प्रिंटमध्ये तो दुसऱ्या परिच्छेदात परत आला होता.