शुद्धीवर आले आणि पहिली शिवी मला दिली

"मॅडम, नऊ दिवसांनी ह्यांनी डोळे उघडले आणि पहिली शिवी मला दिली. इतकी वर्षं ह्यांच्या मनात हेच होतं का?"

नागपूरच्या धंतोलीतील एका रुग्णालयात, जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या त्या तरुण पत्नीने मला हे विचारले, तेव्हा तिच्या हातात जेवणाचा न उघडलेला डबा होता. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांशी मी बोलत असते, आणि ते हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत विचारत आले आहेत. म्हणूनच, कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, हा अनुभव लिहीत आहे.

तिचे पती बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला होते. वर्धा रोडने दुचाकीवर घरी येताना रात्री अपघात झाला. मांडीचे हाड मोडले आणि डोक्याला जबर मार लागला. दाखल करताना त्यांच्या कागदांवर ग्लासगो कोमा स्केलचा आकडा ७ होता. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीची पातळी मोजणारी ही पट्टी ३ पासून १५ पर्यंत असते आणि ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. पुढे हा आकडा १४ वर आला तेव्हा घरच्यांनी वॉर्डात पेढे वाटले. मात्र तो उरलेला एक गुण कशाचा, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. माणूस बोलतो, पण त्याच्या बोलण्यात गोंधळ असतो, तेव्हा नेमका हाच गुण कापला जातो. पुढचे सगळे दुखणे त्या एका गुणातले होते.

रुग्ण नळ्या उपसत असल्यामुळे त्यांच्या हातांना जाड मोजे बांधले होते. ते त्याच हातांनी पत्नीला ढकलत, "हिला बाहेर काढा, हिनंच मला इथं आणून टाकलं," असे ओरडत. सासूबाई ते ऐकत होत्या. त्या मला म्हणाल्या, "बेसुधीत माणूस खोटं नाही बोलत जी." अपघाताच्या संध्याकाळी पत्नीने "आज लवकर या" म्हणून फोन केला होता, ही गोष्टही त्यांना ठाऊक होती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि सुनेशी बोलणे थांबले. सुनेने तर त्याआधीच स्वतःला दोषी ठरवले होते.

पहिल्या भेटीत मी तिला "मनावर घेऊ नका" असे सांगितले, आणि ती माझी चूक होती. नवऱ्याने सर्वांदेखत घातलेले घाव मनावर न घेण्याची युक्ती कोणाकडेच नसते. तिला धीर नको होता, कारण हवे होते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विनंती केली की सासू, सून आणि धाकटा दीर या तिघांना एकत्र बसवून रुग्णाची अवस्था समजावून सांगावी. एकाला सांगितलेले दुसऱ्यापर्यंत पोहोचेतो बदलते, आणि अशा घरात तेवढा बदलही महागात पडतो.

डॉक्टरांनी आधी ताप, जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम, वेदना आणि औषधांचे परिणाम तपासले, कारण चिडचिड यांमुळेही वाढते. मग त्यांनी सांगितले ते असे : गंभीर मारानंतर जागा होणारा मेंदू काही काळ नव्या आठवणी साठवू शकत नाही. सकाळी सांगितलेले दुपारी उरत नाही, त्यामुळे दर वेळी जाग येताना आपण कुठे आहोत, नाकात नळी का आहे, पाय का हलत नाही, हे रुग्णाला नव्याने कळत नाही आणि तो नव्याने घाबरतो. घाबरलेला माणूस हाताशी असेल त्याला मारतो. मी त्यात एवढीच भर घातली की सुई टोचताना हात धरणारी, नळी ओढू न देणारी, दिवसभर खाटेजवळ असणारी एकच व्यक्ती होती. शिव्या तिच्याच वाट्याला आल्या, यात तिच्या संसाराचा काही निवाडा नव्हता.

सून समजली, सासूबाई समजल्या नाहीत. मी वाद घातला नाही. पत्नीला दोन रात्री घरी झोपायला पाठवावे आणि सासूबाईंनी खाटेजवळ थांबावे, एवढेच सुचवले. हे मी आळीपाळीसाठी सुचवले होते, कारण ती बाई अकरा रात्री व्हरांड्यात चटईवर होती. तिसऱ्या सकाळी सासूबाईंनी मनगटावरचे ओरखडे मला दाखवले. "मलेही मारलं त्यानं. मंग मी का बिघडवलं होतं त्याचं?" असे म्हणून त्या बराच वेळ रडल्या. त्या दिवशी सासूबाई सुनेशी बोलल्या.

मग आम्ही खोली शांत केली. भेटीच्या वेळी गावाकडून दहा-बारा जण येत, प्रत्येक जण वाकून "ओळखलं का मला? सांग मी कोण?" असे विचारी, आणि कोणी व्हिडिओ कॉल लावी. यात प्रेमच होते. पण ज्याला काही आठवत नाही त्याच्यासाठी ती तासातासाला होणारी तोंडी परीक्षा होती. मी सांगितले : विचारू नका, सांगा. "मी तुझा भाऊ. तू नागपुरात दवाखान्यात आहेस. पायाला लागलं आहे, बरं होतंय." एका वेळी एक-दोन माणसे, आवाज हळू, समोर घड्याळ आणि कॅलेंडर, आणि चुकीचे बोलले तरी वाद नाही. एकच सूचना निक्षून दिली : रुग्ण अचानक जास्त सुस्तावला, उलटी झाली किंवा आकडी (फिट) आली, तर मानसिक कारण न शोधता त्या क्षणी सिस्टरना बोलवा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राशी, म्हणजे रुग्णालयातील त्या योजनेच्या मदतनिसाशी, बोलण्याचे काम दिराने घेतले. रात्री मन फार दाटून आले तर बोलण्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी पत्नीला लिहून दिला, कारण रुग्णाजवळच्या माणसालाही आजारपण येते आणि त्याचा केसपेपर कोणी काढत नाही.

घरच्यांनी एक वहीही सुरू केली. रोज कोण आले, काय खाल्ले, फिजिओथेरपीत किती वेळ बसवले, हे तिच्यात लिहायचे. "शिव्याही लिहू?" असे पत्नीने विचारले. मी म्हटले, शब्द लिहू नका, "आज चिडले होते" एवढे लिहा. दिवस खोटा करायचा नाही, पण जे शब्द त्यांचे नव्हते ते त्यांच्या नावावर जमाही करायचे नाहीत.

सुमारे महिन्याभराने कालचे आज आठवू लागले. मधल्या दिवसांचे काहीच आठवत नाही, आणि बहुधा आठवणारही नाही. राग आजही लवकर येतो, गोंगाटाने थकवा येतो. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते आणि नंतरही हळूहळू चालू राहते. मात्र सगळे पूर्वीसारखे होईल असे वचन मी कोणालाच देत नाही. हा राग टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचे, हे आमचे ठरले आहे.

मागच्या भेटीत पत्नीने सांगितले की घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी ती वही वाचायला घेतली आणि एका पानावर थांबून विचारले, "आज चिडले होते, असं लिहिलंय. कोणावर चिडलो होतो मी?" ती उत्तर शोधत असतानाच सासूबाई पलीकडून म्हणाल्या, "माह्यावर."