समुद्राकाठी बारमाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, गंगापूर रोडला फ्लॅट आहे. दर डिसेंबरात चार दिवस गुहागरला जातो. आता तिथेच कायमचे घर घ्यावे असे वाटते. काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डिसेंबरातले गुहागर पाहून घर घेऊ नका. आधी भाड्याने राहा आणि मुक्काम जूनमध्ये हलवा. पश्चिमेच्या भिंतीत ओल कुठवर चढते, झड पडवीत किती आत येते, गेलेली वीज किती तासांनी येते, हे जुलैतच कळते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडची अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. इन्व्हर्टर एवढा पुरत नाही. विहिरीवर पंप असला तरी रहाट काढून टाकू नका.

भाड्याची अडचण वेगळीच. करार 11 महिन्यांचा होतो, पण मे महिना आणि नाताळचा आठवडा मालकाला पर्यटकांसाठी खोल्या हव्या असतात. ‘तेवढे दिवस नाशिकला जाऊन या’ हे तोंडी, तेही आयत्या वेळी कानावर येते. करारात हे दोन्ही काळ नावानिशी लिहून घ्या. करार नोंदवणे 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीचे आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

पुढे जागा घ्यायची झालीच, तर सातबारा शेतीचा असल्यास खरेदीला तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा दाखला लागेल. किनाऱ्यालगतच्या जागेला सीआरझेडची (किनाऱ्याजवळच्या बांधकामावर बंधने घालणाऱ्या नियमांची) मर्यादा कुठे लागते ते नकाशावर पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावरच्या घराची विहीर मे महिन्यात मचूळ होते. आणखी खोल करावी का? (निफाडचे वाचक)

उत्तर : अजिबात नको. नाशिककडे काळ्या खडकात पाणी आटले की खोल जायचे, ही सवय इथे उलटते. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर 1 फूट गोडे पाणी असेल, तर खाली साधारण 40 फूट गोड्याचा थर असतो. उपसून वरची पातळी 1 फूट उतरली की त्याच हिशेबाने खालचे खारे पाणी 40 फूट वर सरकू पाहते. खोल गेलात तर तुम्हीच त्याच्या जवळ जाल.

अर्ध्या एचपीचा पंप पुरे. एका दमात टाकी भरू नका. 15-20 मिनिटे चालवा, तासभर थांबा. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) तळाशी न ठेवता पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर टांगा आणि पातळी उतरेल तसा खाली सोडा, नाहीतर पंप हवा ओढेल. पहाटे आणि उपशानंतर, असे दोनदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे मिलिग्रॅम) मोजा. पिण्यासाठी 500 पर्यंत उत्तम. दुसरी सोयच नसेल तर 2000 ही शेवटची मर्यादा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर उपसा जास्त होतोय असे समजा. शेजारच्या वाडीतला मोठा पंपही कारण असू शकतो, तेव्हा त्याच्याशी वेळा वाटून घ्या.

प्रश्न : ग्रिलला दरवर्षी रंग देतो, तरी फुगे येऊन गंजते. (सिडको, नाशिक)

उत्तर : रंगाखाली मीठ राहते. हवेतला ओलावा 75 टक्क्यांवर गेला की मीठ पाणी ओढून घेते, आणि ते पाणी रंगाला आतून उचलते. आधी पॉलिश पेपरने गंज लोखंडापर्यंत काढा, गोड्या पाण्याने दोनदा धुवा, उन्हात पूर्ण सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमरचा पहिला हात द्या. रात्रभर उघडे ठेवले तर मेहनत वाया जाते. बिजागऱ्या, कड्या पितळी घ्या. स्टीलच हवे असेल तर 316 प्रतीचे मागा. 304 वर तांबूस डाग पडतात. एसीचे बाहेरचे यंत्र दर पंधरा दिवसांनी, बंद करून, गोड्या पाण्याने धुवावे, त्याच्या ॲल्युमिनियमच्या पात्या सर्वांत आधी खचतात.

प्रश्न : वर्षाचे गहू आणि उन्हाळी कांदा सोबत न्यावा का? (नाशिकरोड)

उत्तर : गहू महिन्या-दीड महिन्याचाच, घट्ट झाकणाच्या डब्यात. कांदा तर आषाढात कोंब काढतो किंवा सडतो. पंधरा दिवसांपुरता घ्या आणि जाळीत उंच टांगा. आगोटीआधी, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, भरायचे ते सुकट आणि बोंबील, कारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते.