उतार कशासाठी हवा, ते आधी ठरव

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि शेताचे फोटो मिळाले. दिंडोरीकडची ती सात एकर मुरमाड टेकडी, खाली अण्णांची थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, बाग. अण्णा म्हणतात वर काही येणार नाही, आणि तुला तिथेच फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठच्या धर्तीची वाइन करायची आहे: काळी शिराझ, पांढरी विओनिए, जमलं तर थोडी काळी ग्रनाश. जागा तू बरोबर हेरलीस. पण तिथल्या कोत-रोती या उतारावरच्या बागांचे फोटो पाहून तशाच दगडी पायऱ्या बांधायच्या, तसंच दक्षिणेकडे तोंड करून एकेका खांबावर एकेक वेल चढवायची, हा जो बेत तू लिहिला आहेस, त्यावर मला बोलायचं आहे.

व्हिएन शहराच्या खाली ऱ्होनच्या काठाने ते उतार सुरू होतात. काही ठिकाणी चढ साठ टक्क्यांच्याही वर जातो. ट्रॅक्टर उभा राहत नाही. छाटणी, बांधणी, तोडणी सगळं हातानं, आणि पावसानं खाली आलेली माती माणसं पुन्हा वर नेऊन टाकतात. हे कष्ट कुणी देखाव्यासाठी घेत नाही. ते लोक ४५ अक्षांशावर आहेत, तिथे शिराझ जेमतेम पिकते. दक्षिण-आग्नेयेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन सरळ पडतं, दगड तापतात, म्हणून मणी पिकतो. खांबही मिस्त्राल या तिथल्या जोरदार उत्तरेच्या वाऱ्यात वेल मोडू नये म्हणून. त्यांच्या उताराचं मुख्य काम ऊन गोळा करणं.

आपण २० अक्षांशावर. उन्हाची आपल्याला ददात नाही. फेब्रुवारीअखेर दुपारी तीनला पश्चिमेकडे उघडा पडलेला एखादा घड हातात घेऊन बघ. एका बाजूचे मणी तपकिरी, मऊ, सुरकुतलेले. त्याच घडाच्या मागच्या बाजूचे मणी टणक, निळेकाळे. पुढचा मणी चाव: गोड, पण सपक. मागचा चाव: साल दाताखाली करकरते, आंबटपणा जिभेच्या कडांना लागतो. शिराझमध्ये काळ्या मिरीचा जो वास लोक शोधतात, तो रोटुंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. ते सालीत असतं आणि गार, सावलीतल्या घडांत जास्त सापडतं. तुला ती मिरी हवी असेल तर तुझ्या टेकडीची पूर्वेची आणि ईशान्येची बाजू धर. सकाळचं ऊन दव लवकर उडवतं, डावणी या बुरशीच्या रोगाला वाव कमी राहतो, आणि उतरत्या दुपारी टेकडीच सावली करते. खांबांचा नाद सोड. तारांवर उभी पानांची भिंत कर आणि घडाजवळची पानं काढायची झाली तर फक्त सकाळच्या बाजूची काढ.

उताराचा आपल्याला खरा उपयोग आहे तो निचऱ्याचा. काळ्या जमिनीत वेल माजते, नुसती पानं आणि फुगीर मणी देते. मुरमात ती बेतानं वाढते, मणी लहान राहतो, रसाच्या मानानं साल जास्त मिळते. खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ती मुळाकडची वेल, निवडतानाही हेच बघ. अण्णांच्या बागेत डॉगरिज आहे, तो फार जोमाचा. तू ११०-आर हा खुंट घे. बांध समपातळीत घाल, कारण जून ते सप्टेंबरचा आपला पाऊस उघड्या मुरमाला ठेवत नाही. माती अडवणं हे दगडी भिंतींचं कारण मात्र आपल्याकडेही तेच आहे, तेव्हा ती नक्कल खुशाल कर. ठिबक लागेलच. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) तोडणीपर्यंत आपल्याकडे पावसाचा भरवसा धरता येत नाही, आणि आलाच तर नको तेव्हा येतो.

आता अण्णांना जे पटवणं अवघड जाणार आहे ते सांगतो. कोत-रोतीत हेक्टरी ४० हेक्टोलिटर, म्हणजे चार हजार लिटर, ही उत्पादनाची मूळ मर्यादा आहे. आपल्या हिशेबात एकरी साधारण दोन टन द्राक्षं आणि दोन हजारांच्या थोड्या वर बाटल्या. खायच्या द्राक्षांचं एकरी दहा टन काढणाऱ्या माणसाला हा आकडा तोट्याचाच वाटेल. तू सुरुवातीला चार टनांपर्यंत जा, पण त्यापुढे घड ठेवायचा मोह धरू नकोस. जीएचं डिपिंग, म्हणजे मणी फुगवायला घड संजीवकात बुडवणं, इथे अजिबात नाही. आणि छाटणीला अण्णांनाच बोलाव. काडीतला डोळा फळाचा की वांझ, हे त्यांना कळतं तेवढं कुठल्याही सल्लागाराला कळणार नाही.

विओनिएबद्दल सावध राहा. तिचा जर्दाळूसारखा वास उशिरा येतो, आणि तो येईपर्यंत आंबटपणा झपाट्यानं उतरतो. मधे मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत नुसत्या ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या, आकड्यावर विसंबू नकोस. रोज पहाटे ओळीत जाऊन मणी खा, बी तपकिरी झालं का बघ. तोडणी उजाडायच्या आत उरकायची. कोत-रोतीच्या नियमात शिराझसोबत वीस टक्क्यांपर्यंत विओनिए चालते, पण ती एकाच टाकीत एकत्र आंबवावी लागते. बहुतेक जण त्याहून बरीच कमी घालतात. पांढऱ्या द्राक्षानं लाल वाइनचा रंग उलट पक्का होतो, हे तू एका छोट्या टाकीत स्वतः करून बघच. घड देठासकट आंबवायची मात्र घाई नको. देठ हिरवे असतील तर वाइन कडवट होते. शिराझ टाकीत कोंडली की कुजक्या अंड्यासारखा वास धरते, तेव्हा तिला वेळेवर हवा दे.

लहान राहण्याची तुला लाज वाटते असं पत्रातून जाणवलं. शातो-ग्रिये हे ऱ्होनकाठच्या काँद्रियू या विओनिएच्या भागाशेजारचं अवघं साडेतीन हेक्टरचं मळ्याएवढं क्षेत्र आहे, तुझ्या सात एकरांहून थोडंच मोठं, आणि त्याला स्वतःचा वेगळा दर्जा आहे. काँद्रियूत तर १९६० च्या दशकात विओनिएचे मोजकेच हेक्टर उरले होते. कष्ट झेपेनात म्हणून लोक उतार सोडून चालले होते. तिथले बागायतदार जॉर्ज व्हर्ने यांनी तेव्हा हात टेकले नाहीत, शेजाऱ्यांनाही धरून ठेवलं. आज नाशिकमध्ये विओनिए लागते, तिच्यामागे ती चिकाटी आहे. मला हे आठवलं की आजही भरून येतं.

परवान्याचं, अबकारीचं काम वेगळं आणि किचकट आहे. त्यासाठी माणूस नेम, स्वतः त्यात अडकू नकोस. वाइनरी बांधण्याची तर आत्ता गरजच नाही. पहिली तीन-चार वर्षं कुणाच्या तरी टाक्या भाड्यानं मिळतात का बघ आणि सगळा पैसा जमिनीत घाल.

पहिल्या टप्प्यात दोनच एकर लाव: दीड शिराझ, अर्धा विओनिए. ग्रनाश थांबू दे. त्याआधी पूर्व उतारावर वर, मधे आणि खाली असे तीन खड्डे कमरेइतके खण, मातीचे नमुने आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घे. पाण्यात क्षार निघाले तर खुंटाचा विचार पुन्हा करावा लागेल. जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लागले तर ऑगस्ट-सप्टेंबरात कलम बांधता येईल. अहवाल आले की मला पाठव, आणि अण्णांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
काका