रिंगटोन फुकट, मग पैसे कशाचे कापले?

प्रश्न : दादा, फुकट रिंगटोन म्हणून मेसेज आला, त्यातल्या नंबरवर फोन लावला, १ दाबा म्हणाले, दाबलं. आता माझा फोन वाजतो तो जुनाच ट्रिंग ट्रिंग, पण फोन करणारे सगळे म्हणतात, काय शेठ, भारी गाणं लावलंय! वर बॅलन्स कापला तो वेगळाच. – एक किराणा दुकानदार, सांगोला

उत्तर : शेठ, तुम्ही घेतली ती रिंगटोन नाहीच, ती कॉलर ट्यून. ही गल्लत इतक्या जणांची होते की विचारू नका. कॉलर ट्यून कंपनीच्या मशीनवर असते आणि समोरच्याच्या कानात वाजते, म्हणजे पैसे तुमचे आणि गाणं ऐकणार उधारी मागायला फोन करणारा! काही प्लॅनमध्ये ती फुकट असते, बाकी ठिकाणी दर महिन्याला कापतात. १५५२२३ ला फोन करा, फोन फुकट आहे, तिथून बंद होते. रिंगटोन म्हणजे तुमच्या फोनमधली एक साधी फाइल, तिचं भाडं कोणी लावू शकत नाही.

प्रश्न : आजीने व्हॉट्सअ‍ॅपवर जात्यावरची ओवी म्हणून पाठवलीये, व्हॉइस नोट आहे. ती रिंगटोन करायची तर कुठलं अ‍ॅप घेऊ? दोन घेऊन बघितली, दोन्हीत नुसत्या जाहिराती. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कुठलंच घेऊ नकोस. आधी ती दोन्ही काढून टाक, त्यातल्या एकाने कॉन्टॅक्ट बघायची परवानगी मागितली असेल बघ, सगळ्यांना एकच टोन लावायची तर याद्या कशाला लागतात यांना?

अँड्रॉइड असेल तर फाइल मॅनेजरमध्ये जा, अँड्रॉइड, मग मीडिया, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, आत शिरत शिरत व्हॉइस नोट्स. नावं वाचून काही कळणार नाही, सगळी पीटीटी आणि तारखेने सुरू होतात, म्हणून आजीने कधी पाठवली ती तारीख आधी बघून ठेव. सापडली की कॉपी करून रिंगटोन्स नावाच्या फोल्डरमध्ये टाक, मग सेटिंग, साउंड, रिंगटोन. ही ओपस नावाच्या प्रकारातली ऑडिओ फाइल असते, काही फोनच्या यादीत ती दिसतच नाही, मग एमपीथ्री करून घ्यावी लागते. तेही नको असेल तर सरळ जुगाड कर, पंखा बंद करून घरातल्या दुसऱ्या फोनवर ओवी वाजव आणि आपल्या फोनच्या रेकॉर्डरवर घे, ट्रिमची सोय बऱ्याच रेकॉर्डरमध्ये असतेच.

कापताना ३० सेकंद पुरेत. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१९ पासून मोबाइलची घंटी ३० सेकंदांचीच ठरवलीये, कोणी उचललं नाही तर तिथेच संपते, त्यामुळे पाचवी ओवी कोणाला ऐकूच येणार नाही. आणि लांबलचक शांतता सुरुवातीला ठेवू नकोस, फोन पर्समध्ये असला की तेवढ्यात समोरचा कंटाळून ठेवतो. पण आजीने आधी 'झालं का गं सुरू?' असं काही विचारलेलं असेल ना, तर तेवढं मी तरी कापणार नाही.

एक सांगतो, जात्याची घरघर फोनमधून फारशी येणार नाही. एवढासा स्पीकर, खालचा जाड आवाज त्याला झेपतच नाही, म्हणून ढोल लावणाऱ्यांना नुसती टकटक ऐकू येते आणि बासरी, घंटा, माणसाचा आवाज मात्र गर्दीतही कळतो. कुकरची शिट्टी तेवढी लावू नका कोणी, मी लावली होती, आमच्याकडे दोनदा भात कच्चा उतरवला गेला.

प्रश्न : आयफोनवर हे सगळं जमतं का? – एक कॉलेजकर, पुणे

उत्तर : जमतं, थोडं आडवळणाने. अ‍ॅपलचंच गॅरेजबँड हे गाणी बनवायचं अ‍ॅप फुकट आहे, त्यात ऑडिओ ओढून आणायचा, गाणं सेव्ह झालं की त्यावर बोट दाबून ठेवायचं, शेअर, रिंगटोन. ३० सेकंदांच्या पुढचं ते स्वतःच कापतं. आणि तुझा टोन मध्येच तुटला तर आवाजाची फाइल खराब म्हणून परत परत करत बसू नकोस, सुरुवातीला तिथे सेक्शन, म्हणजे गाण्याचा तुकडा, ८ बारचाच असतो (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन), तो ऑटोमॅटिक कर. माझा अख्खा रविवार त्यात गेलाय.